मुऱ्हाळ्याविना

तुळजाबाईला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी स्कूटर शिकायची हुक्की आली, तेव्हा सगळ्यात आधी हसले ते तिचे यजमान. हैबतराव ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. आता एवढंच ऱ्हायलं व्हतं, म्हणाले, आणि ठसका लागेपर्यंत हसले. मुलगा रोहित हसला, मग गल्ली हसली. माण गावात हसायला पुरुषांना वेळच वेळ आहे. शेतं गेली, त्यावर चाळी उठल्या, खोल्यांना कंपनीतली भाडेकरू पोरं मिळाली, आणि घरधन्यांना दिवसभर दुसऱ्याच्या घरातलं बघत बसण्याखेरीज काही काम उरलं नाही.

हुक्कीला कारण होतं तिचं माहेर. नेरे गाव काही साता समुद्रापार नाही, सात-आठ किलोमीटर. पण पस्तीस वर्षांत तुळजाबाई तिथं एकदाही एकटी गेली नव्हती. माहेराहून मुऱ्हाळी यायचा, म्हणजे न्यायला आलेलं घरचं माणूस, आणि मगच लेकीनं पिशवी उचलायची, अशी रीत. आधी तिचा थोरला भाऊ भिवाजी सायकलवर यायचा, मग मोटारसायकलवर. आता त्याचा मुलगा कैलास पांढरी मोठी गाडी घेऊन येई. काचा बंद, आत गारवा. जेवण, ओवाळणी, साडी, आणि दिवेलागणीच्या आत परत माणच्या दारात. असं वर्षातून दोनदा, पंचमीला आणि भाऊबीजेला. एरवी भावाची आठवण आली तर रोहितला सांगायचं, आणि रोहित म्हणायचा, बघू.

गेल्या उन्हाळ्यात भिवाजी आठवडाभर दवाखान्यात होता. तुळजाबाईला ते कळलं तेव्हा तो घरी येऊन पंधरा दिवस झाले होते. तिला रडू आलं नाही, राग आला. सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर मरणाच्या दारात आणि आपण इथं कुणाच्या तरी गाडीची वाट बघत बसलोय, ही गोष्ट तिच्या जिव्हारी लागली. त्याच आठवड्यात ती वरच्या खोलीत राहणाऱ्या गौतमीकडे गेली. गौतमी परभणीकडची, कंपनीत नोकरीला, स्वतःच्या स्कूटरवरून जा-ये करणारी. मला शिकव, तुळजाबाई म्हणाली. आणि ती पोरगी हसली नाही.

जिथं पूर्वी हैबतरावांची भातखाचरं होती तिथं आता प्लॉटिंगचा रिकामा डांबरी रस्ता होता. शनिवार-रविवारी सकाळी दोघी तिथं जात. पहिल्या दिवशी गाडी तुळजाबाईच्या आधी निघाली आणि तुळजाबाई मागं राहिली, ढुंगणावर बसून. दुसऱ्या आठवड्यात ती गटारात गेली आणि गुडघा सोलून आली. पण पडण्याची तिला फारशी भीती नव्हती. जन्मभर चिखलात भात लावलेल्या बाईला पडण्याचं काय? भीती होती ती मोठ्या रस्त्याची. डंपर दिसला की तिच्या कानात घूं घूं होई, आणि हात वेडेवाकडे चालत. मग ती गाडीवरून उतरे आणि म्हशीला ओढावं तशी गाडी कडेनं ओढत नेई.

"काकू, घाबरलात की तुम्ही मूठ आवळता," गौतमीनं एकदा सांगितलं. "गाडीला वाटतं तुम्हाला पळायचंय. भीती वाटली की मूठ सोडायची."

सांगायला सोपं. चौपन्न वर्षं जी बाई भ्याली की आवळूनच धरत आली, पदर असो, पोर असो, तोंड असो, तिनं एकदम सोडायचं कसं? पण तुळजाबाई चिवट. भाकऱ्या झाल्या की लाटणं आडवं धरून मूठ सोडायचा सराव करायची. हैबतराव दारातून बघायचे आणि बायकोला बाहेरची बाधा झाली म्हणायचे. दसऱ्याच्या आधी ती एकटी हिंजवडीच्या चौकातून भाजी घेऊन आली. कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा, कलकलाट, आणि त्यातून ती, पदर खोचून, दोन्ही पाय वर घेऊन. घरी येऊन तिनं गाडी लावली आणि बराच वेळ गाडीवरच बसून राहिली. लग्नातसुद्धा तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

याच सुमारास रोहितला आईचं एकाएकी कौतुक वाटू लागलं. त्यानं एजंट गाठून लायसनचं काम केलं आणि दसऱ्याला नवी कोरी स्कूटर आणून दारात उभी केली. आता मामाकडं जात जा हक्कानं, कुनाची वाट बघायची न्हाई, असं तो चारदा म्हणाला. तुळजाबाईला पोराचा अभिमान वाटला. तिनं शेजारणींना सांगितलंसुद्धा, की माझा रोहित तसा न्हाई.

भाऊबीजेला कैलास अकराला न्यायला येणार होता. तुळजाबाई नऊलाच निघाली. नेऱ्याला आधी सांगायचं नाही, असं तिनं रोहितला बजावलं. तिला एकच बघायचं होतं, भावाचं तोंड. लहानपणी भिवाजी तिला सायकलला हात लावू द्यायचा नाही. पोरीची जात, दात पाडून घेशील, म्हणायचा. तोच भाऊ अंगणात येईल, गाडीकडे बघेल, तिच्याकडे बघेल आणि म्हणेल, तुळजे, तू? एवढ्या एका वाक्यासाठी ती गटारात पडली होती.

मारुंजीच्या रस्त्याला काँक्रीटची गाडी तिच्या अंगावरून जाते की काय, इतक्या जवळून गेली. तिनं मूठ सोडली, गाडी कडेला घेतली, दम खाल्ला आणि पुन्हा निघाली. नेऱ्याच्या वेशीवर विहिरीचं रान लागतं. वडिलांची सगळ्यात जिवाची जमीन, अगदी हमरस्त्याला. तिथं निळे पत्रे ठोकलेले होते आणि उंच इमारतीचं चित्र असलेला फलक उभा होता. तुळजाबाईला जरा नवल वाटलं. कैलास तिला नेहमी मागच्या वाटेनं नेई, आधी देवळात पाया पडू म्हणून, त्यामुळे हे रान तिनं दोन-तीन वर्षांत पाहिलंच नव्हतं. पण आज तिचं मन जमिनीत नव्हतं. घराचं वळण आलं तसा तिनं लांबूनच हॉर्न वाजवला.

भावजय गोजराबाई बाहेर आली. तिनं तुळजाबाईकडं पाहिलं, मग तिच्या पाठीमागं, मग लांब रस्त्याकडं.

"संगं कोन हाय, वन्सं?"

"कुनी न्हाई. माझी मी आले, गाडीवर."

गोजराबाई हसली नाही. बसा म्हणाली आणि लगबगीनं आत गेली. आत कुजबुज झाली. मग भिवाजी आला, सदऱ्याच्या गुंड्या लावत. स्कूटर त्याच्या डोळ्यांसमोर होती, झेंडूची माळ घातलेली. ती त्याला दिसलीच नाही. कैलास येनारच व्हता की, एवढंच तो म्हणाला. चहा आला. काहीतरी विषय हवा म्हणून तुळजाबाईनं सहज विचारलं, विहिरीच्या रानात पत्रे कसले ठोकलेत?

झालं. चोराच्या मनात चांदणं. गोजराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि कैलास आतल्या दारात येऊन उभा राहिला. तुळजाबाईला अजून काही उमगलं नव्हतं, पण त्या घराला सगळं उमगलं होतं, म्हणजे त्यांना जे उमजायचं होतं ते. जमिनींना सोन्याचा भाव आल्यापासून या पट्ट्यात बहिणी एकेकट्या माहेरी येऊ लागल्या आहेत. पाहुणी येते ती मुऱ्हाळ्याबरोबर. आपली आपण येते ती हिस्सेदार, हा आता गावोगावचा समज. वडिलांच्या मागं त्या रानाच्या सातबाऱ्यावर भिवाजीबरोबर तुळजाबाईचंही नाव लागलेलं होतं, आणि दहा वर्षांत तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

"कुनी पाठवलं तुला?" भिवाजीनं विचारलं. "हैबतीनं का रोहितनं?"

कुणीच नाही, ती म्हणाली, तुला भेटायला आले. आजारात मला कुणी सांगितलं नाही, म्हणून गाडी शिकले, असंही ती म्हणाली. भावाचं लक्ष नव्हतं. गोजराबाईनं आतून एक घडीची साडी आणली, आणि साडीखाली कागद होते. जेवणानंतर दाखवायचेच होते, भिवाजी म्हणाला. हक्कसोड लिहून दिली की इमारतीचं काम पुढं सरकेल. सोमवारी रजिस्टर कचेरीत सही, कैलास न्यायला येईल, परत सोडायलाबी तोच, तुला काही तोशीस न्हाई.

न्यायला येईल. तुळजाबाईनं त्या साडीकडं पाहिलं आणि तिला मागच्या वाटेचं कोडं सुटलं. बंद काचा, गारवा, देवदर्शन, दिवेलागणीच्या आत परत. याला ती माया समजत होती. गोठ्यातल्या जनावराला दावं बांधून पाण्यावर नेतात आणि आणतात, त्यातलाच तो प्रकार.

"दादा, मी खरंच भेटायला आले व्हते," ती म्हणाली.

"भेटायला कुनी असं येतं व्हय?"

हे तो रागानंही बोलला नाही. साधं, व्यवहाराचं बोलल्यासारखं बोलला. तुळजाबाईच्या कानात तीच घूं घूं सुरू झाली. ही भीती डंपरची नव्हती. दहा वर्षं तिनं जिला जपलं ती ही भीती. एक शब्द बोललो तर हे दार बंद होईल. मग पंचमी कुठली, भाऊबीज कुठली, माझं असं म्हणायला मागं कोण? या भीतीपायी ती गप्प होती, आणि या गप्प राहण्याला ती स्वतःचा मोठेपणा समजत होती. त्यानं दोन गोड शब्दांत मागितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं सही केली असती, वर साडीही घेतली नसती.

"हिस्सा मागायला आले नव्हते मी," ती उठत म्हणाली. "पन आता मागते."

गोजराबाई मग बरंच बोलली. आईबापाचं नाव निघालं, बांगडीचोळीची आठवण निघाली, असल्या बहिणी सात जन्मी नकोत हेही निघालं. भिवाजी एवढंच म्हणाला, की मग हितं पाय ठेवू नको. पाट मांडलेलाच नव्हता. ओवाळायचं राहून गेलं.

परतीच्या वाटेवर तिला भीती वाटली नाही. डंपर आले, बसगाड्या आल्या, कुणीतरी शिवी हासडून गेलं. हात जरासुद्धा हलला नाही. याला लोक धीर आला म्हणतात. खरी गोष्ट अशी, की ज्याच्यासाठी भ्यायचं ते मागं नेऱ्यात संपलं होतं, आणि आता डंपरखाली गेलो तरी रडायला माहेरचं कोण येणार, असा हिशेब तिच्या डोक्यात चालला होता.

घरी लेक आलेली होती. स्नेहल, उरवड्याला दिलेली. रोहित सकाळीच गाडी घेऊन तिला आणायला गेला होता. ती आत पुऱ्या लाटत होती. रोहित दारातच उभा. काय म्हनला मामा, हा त्याचा पहिला प्रश्न, आणि सही न्हाई ना केलीस, हा दुसरा. वाटेत धडधड झाली का, गाडी नीट चालली का, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा तुळजाबाईला दसऱ्याच्या नव्या गाडीचाही उलगडा झाला. भिवाजी अगदीच खोटं बोलला नव्हता. तिला पाठवलेलंच होतं, फक्त ते तिला ठाऊक नव्हतं.

हिस्सा मागून आले, तिनं सांगितलं. हैबतराव ओट्यावरून खाली उतरले. रोहितनं आईच्या पाठीवर थाप मारली, वाघीण हाय माझी आई म्हणाला, वकील ओळखीचा आहे म्हणाला, बापाच्या जमिनीवर लेकीचा हक्क कायद्यानंच आहे म्हणाला. तो बोलत होता आणि तुळजाबाई आत पाहत होती. दोन वर्षांपूर्वी चाळीमागची जागा इमारतीला द्यायची होती, तेव्हा स्नेहलनंही अशीच हक्कसोडीची सही केली होती. एक पैठणी, हॉटेलात जेवण. आणि तिची समजूत घालायला बसली होती ती हीच तुळजाबाई. सही कर बाई, माहेर ऱ्हाईल, हे शब्द तिचे स्वतःचे होते.

"लेकीचा हक्क हाय म्हनतोस ना?" ती रोहितला म्हणाली. "मग स्नेहलचा वाटा बी तिला परत लिवून दे. याच सोमवारी."

रोहितची थाप थांबली. तो विषय वेगळा हाय, तो म्हणाला. हैबतराव पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. तुळजाबाईनं आत हाक मारली आणि स्नेहलला बाहेर बोलावलं. मी तुझ्या बाजूनं उभी आहे, तिनं सांगितलं, आता मला कुणाची भीती नाही, तू फक्त माग.

स्नेहलच्या हाताला पीठ होतं. तिनं आधी भावाकडं पाहिलं, मग दारातल्या त्याच्या गाडीकडं.

"नको आई," ती म्हणाली. "मला फुडल्या दिवाळीला हितं यायचंय."

आणि पुरी करपेल म्हणून ती घाईनं आत गेली.