धम्मपाल सरांच्या नावाचं लिंबू

पवनातीर फुटबॉल क्लबच्या सामन्याला कधी धड शंभर माणसं जमली नाहीत, पण त्या रविवारी सकाळी आकुर्डीच्या मैदानाबाहेर दुचाक्या लावायला जागा उरली नव्हती. सामना नव्हताच. हरत चाललेल्या क्लबने आपला कोच ठेवायचा की काढायचा, याचा निवाडा बाळनाथ महाराज करणार होते. तोही लिंबू कापून.

महाराज चाकणच्या पुढून आले, पांढऱ्या गाडीतून. पूर्वी ते तिकडच्याच एका गोदामात सुपरवायझर होते आणि तिथे त्यांना साक्षात्कार झाला, असं भक्त सांगत. गोदामातली माणसं त्यांच्या जाण्याचं कारण वेगळं सांगत, पण त्यांना कोण विचारतो? आता ट्रान्सपोर्टवाले नवा ट्रक आधी महाराजांना दाखवत आणि मग आरटीओला.

मैदानाच्या मधोमध चुन्याच्या गोलात प्लास्टिकची एक खुर्ची ठेवली होती. तिच्यावर कोच धम्मपाल बसले होते. चाळिशी ओलांडलेला, रापलेला माणूस. वडील पिंपरीत कारखान्यात कामगार होते, आणि हे स्वतः एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेले. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांखेरीज दुसरी कुणाचीच तसबीर नव्हती. बोलावणं आलं तेव्हा त्यांनी एवढंच कळवलं होतं, "लिंबाला मी मानत नाही. पण माझ्याबद्दल बोलणार असाल तर माझ्यासमोर बोला, म्हणून येतो."

ते खुर्चीवर येऊन बसले तेव्हाच पोरांनी मोबाइल काढले. कुणीतरी तिथल्या तिथे त्यांचा फोटो क्लबच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पनवती'. त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. धम्मपालांच्या खिशातला फोनही प्रत्येक हसण्याला थरथरत होता, कारण ग्रुपमध्ये तेही होते.

योगिनी हे सगळं बाकावरून पाहत होती. ती फिजिओथेरपिस्ट. स्टेशनच्या मागे तिचं क्लिनिक होतं, आणि सुट्टीच्या दिवशी ती क्लबच्या पोरांचे पाय बघायची. तिच्या शेजारी ज्ञानेश बसला होता, क्लबचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड. त्याचा उजवा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांत आवळलेला, कुबड्या बाजूला. मागच्या सामन्यात गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन ठरलं होतं. पुढे खेळता येईल की नाही हे डॉक्टर बोलत नव्हते. त्याची आई दुर्गाबाई त्याच्या मागे उभी होती. परभणीकडची बाई, चार घरची धुणीभांडी करून पोराला बूट घेऊन देणारी.

"चेंडू गोल," महाराजांनी माइक हातात घेतला. "पृथ्वी गोल. लिंबू गोल. गोलात गोल मिळाला की गोल होतो. पण मधे एखादा वाकड्या ग्रहाचा माणूस बसला, की चेंडू खांबाला लागून परत येतो. येतो का नाही?"

"येतो," गर्दी म्हणाली.

"आता सांगा, मी तुमची एक मॅच पाहिलेली नाही. मग मला कसं कळलं?"

गर्दीने माना डोलावल्या. जगात जिथे जिथे फुटबॉल खेळतात तिथे चेंडू कधी ना कधी खांबाला लागतोच, हे योगिनीने मनात म्हटलं.

महाराजांपुढे पितळी ताट होतं. त्यात लिंबं, हळदकुंकू, लाल जास्वंदीची फुलं आणि एक काळसर लोखंडी सुरी. पहिलं लिंबू क्लबचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या नावाचं. अण्णासाहेब म्हणजे मोशीकडची जमीन विकून मोठे झालेले, क्लबचा सगळा खर्च उचलणारे. महाराजांनी लिंबू कापलं. आत लिंबाचा रस होता, जसा असतो तसा.

"निर्मळ," महाराज म्हणाले. टाळ्या पडल्या.

दुसरं लिंबू सेक्रेटरी बबनरावांच्या नावाचं. तेही निर्मळ निघालं.

"आता कोच. जड आत्मा आहे. सुरीला देवीची ताकद द्यावी लागेल." त्यांनी ताटातलं जास्वंदीचं एक टपोरं फूल उचललं, डोळे मिटले आणि पुटपुटत ते सुरीच्या दोन्ही बाजूंना चांगलं रगडलं. फुंकर मारली. लिंबू धम्मपालांच्या कपाळासमोर धरलं आणि कापलं.

लिंबातून लाल रस ओघळला. महाराजांच्या मनगटावरून तो खाली चुन्याच्या रेघेवर टपकला.

गर्दीतून एक दबका हुंकार निघाला. पुढे बसलेल्या बायका मागे सरकल्या. दुर्गाबाईंनी लेकाच्या डोळ्यांवर हात ठेवला. "न्हाई बघायचं," ती म्हणाली. "ह्या माणसानंच खाल्ला तुझा पाय."

"काही लोक देव मानत नाहीत," महाराज हळू आवाजात म्हणाले. माइकमुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "अशांच्या मागे काय काय येतं, ते मी उघड सांगत नाही. तुम्ही समजून घ्या."

आणि लोकांनी समजून घेतलं. योगिनीला आजूबाजूच्या चेहऱ्यांवर ते दिसलं. काल सरांच्या पाया पडणारी पोरंसुद्धा आता त्यांच्याकडे नाही, त्यांच्या आडनावाकडे बघत होती. धम्मपाल खुर्चीवर ताठ बसून होते. त्यांच्या बुटावर लाल थेंब उडाला होता आणि तो पुसायला वाकलं तर लोकांना काय वाटेल, याचा ते विचार करत असावेत. ते वाकले नाहीत.

योगिनी उठली आणि चुन्याच्या गोलात गेली.

"महाराज, एक लिंबू मी कापते."

"ताई, हे आपलं काम नाही."

"लिंबू कापणं? मी रोज कापते."

मागे कुणीतरी हसलं. एवढे मोबाइल रोखलेले असताना अण्णासाहेबांना नाही म्हणता येईना. योगिनीने ताटातली सुरी बाटलीतल्या पाण्याने धुतली, रुमालाने पुसली आणि लिंबू उचललं. "हे धम्मपाल सरांच्या नावाचं." कापलं. रस पांढुरका होता. तिने दोन्ही फोडी वर धरल्या.

"एकदा बाधा बाहेर पडली की दुसऱ्यांदा कशी दिसेल?" महाराज लगेच म्हणाले.

"बरोबर," बबनराव म्हणाले.

"मग दुसऱ्या कुणाची बघू." योगिनीने जास्वंदीचं फूल घेतलं आणि महाराजांनी रगडलं होतं तसंच सुरीवर रगडलं. "हे अण्णासाहेबांचं. मघाशी निर्मळ निघालं होतं."

लाल रस ओघळला. अण्णासाहेब नकळत खुर्चीत मागे रेलले.

तिने सुरीला पुन्हा फूल लावलं. "हे माझं." लाल. "आणि हे बाळनाथ महाराजांचं." ते सगळ्यात लाल निघालं, कारण तोवर तिचा हात बसला होता.

"तुमच्यातल्या प्रत्येकाने हे शाळेत वाचलंय," योगिनी म्हणाली. "जास्वंदीच्या रसात आंबट काही पडलं की तो लालभडक होतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तोही लाल होतो, तेव्हा आपण कपड्याला बाधा झाली म्हणत नाही. काळ्या सुरीवर फुलाचा रस दिसत नाही, लिंबू लागलं की दिसतो. पहिल्या दोन लिंबांना सुरी कोरडी होती. तिसऱ्याला फूल लावलं, तेही तुमच्या डोळ्यांदेखत. त्यांना लपवायचीही गरज वाटली नाही, एवढी तुमच्याबद्दल खात्री होती."

एका पोराने पुढे होऊन ताटातलं लिंबू उचललं, फूल रगडलं, कापलं, आणि मित्राच्या नावाने लाल काढून दाखवलं. दुसऱ्याने तेच केलं. थोड्या वेळात ताट रिकामं झालं आणि महाराजांच्या दैवी शक्तीचं सरबत करण्याइतकाही माल उरला नाही.

"आणि महाराज," योगिनी म्हणाली, "अमक्या माणसामुळे अरिष्ट येतं असं चारचौघांत सांगून त्याला छळणं, याला आपल्या राज्यात कायदा आहे. इथे व्हिडिओ भरपूर निघालेत."

महाराजांचा आवाज एकदम गोदामातला झाला. "मला कशाला धरता? मी या माणसाला ओळखत पण नाही. नाव बबनरावांनी दिलं. कुणाचं पांढरं काढायचं, कुणाचं लाल, सगळं फोनवर ठरलं होतं."

बबनरावांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. अण्णासाहेबांनी घसा साफ केला.

"कसं आहे," ते म्हणाले, "धम्मपाल आपला जुना माणूस. तोंडावर सांगायला जड जातं. म्हटलं, वरून निर्णय आला की कुणाला वाईट वाटणार नाही."

धम्मपाल पहिल्यांदाच बोलले. "अण्णा, एक फोन करायचा होता. मी क्लबच्या किल्ल्या पाठवून दिल्या असत्या." मग ते वाकले आणि बुटावरचा थेंब पुसला.

महाराजांची गाडी कधी निघाली ते कुणी पाहिलं नाही. पोरांना आता उलटा जोर चढला. पनवती लिहिणाऱ्यानेच ओरडून सांगितलं, "सर राहणार." टाळ्या वाजू लागल्या. कुणी धम्मपालांना खांद्यावर घ्यायला पुढे आलं. त्यांनी हाताने थांबवलं.

"थांबा. लिंबू खोटं निघालं म्हणजे मी चांगला कोच झालो असं नाही. आपण हरतोय. का हरतोय ते आज बोलून घ्या. डॉक्टर, तुम्ही सांगा. तुम्ही पोरांचे पाय बघता."

योगिनीला वाटलं, त्यांनी हे विचारायला नको होतं. आत्ता गप्प बसली तर हा माणूस मान वर करून घरी जाईल. मघाशी ती बाकावरून त्याचसाठी तर उठली होती. पण बाकावर ज्ञानेशचा पाय आडवा पडलेला होता.

"पोरं कंपनीत रात्रपाळी करून थेट सरावाला येतात," ती म्हणाली. "त्यांना झोप हवी असते, तुम्ही फेऱ्या मारायला लावता. दमलेला पाय वळतो, मुरगळतो. ज्ञानेशच्या गुडघ्याला सूज आली तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की याला बसवा. नंतर परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, एवढी मॅच होऊ दे. दर वेळी म्हणालात."

टाळ्या वाजवणारी पोरं आता खाली बघू लागली.

"ज्ञानेश," धम्मपालांनी विचारलं, "मी तुला विचारलं होतं ना, जमेल का? तू हो म्हणालास."

ज्ञानेश कुबडीच्या रबराकडे बघत होता. "नाही म्हणालो असतो तर तुम्ही परत टीममध्ये घेतलं नसतं, सर. आधी एकाला नव्हतं घेतलं. म्हणून हो म्हणालो."

लिंबातून रक्त निघालं तेव्हा जो माणूस ताठ बसला होता, तो आता खुर्चीत खचला.

हात वर करून मत घेतलं. त्यांना काढावं, असं म्हणणारे हात जास्त होते. पोरांचे हातही त्यांत होते. ते खालून हळूहळू वर आले. ज्ञानेशने कोणत्याच बाजूने हात उचलला नाही.

अण्णासाहेबांच्या जिवात जीव आला. "म्हणजे शेवटी महाराज बरोबरच निघाले म्हणायचे," ते हसून म्हणाले, आणि आजूबाजूच्या चार माणसांनी खरोखरच माना हलवल्या.

योगिनीला त्या क्षणी महाराजांपेक्षा या माना जास्त भयंकर वाटल्या.

"नाही निघाले," ती म्हणाली. "आज सरांना काढलं ते दमलेल्या, दुखावलेल्या पोरांना पळवलं म्हणून. हे कारण हातात असेल, तर पुढच्या कोचला आपण सांगू शकतो की डॉक्टर नाही म्हणाली की पोरगा खेळणार नाही. बाधा म्हणून काढलं असतं, तर उद्या नवा माणूस आला असता, त्यानेही दुखरा पाय खेळवला असता, आणि तुम्ही पुन्हा लिंबं आणायला गेला असता. माणसाची चूक असेल तर चूक म्हणा, पुरावा मागा, तोंडावर बोला. त्याची जात, त्याची नजर, त्याचे ग्रह यांत काही शोधू नका. तिथे काही नसतं. आणि जो तिथे काहीतरी आहे म्हणतो, त्याच्या ताटात काय आहे ते आधी बघा."

लोक पांगायला लागले. काहींना पटलं होतं, काहींना ऊन लागत होतं.

धम्मपाल बाकाजवळ आले. गळ्यातली शिटी त्यांनी काढून ठेवली होती. "ज्ञानेश," ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी झटकन लेकाच्या तोंडावर पदर धरला आणि स्वतःची मान दुसरीकडे वळवली.

"मावशी," योगिनी हलकेच म्हणाली, "आत्ताच बघितलंत ना तुम्ही? यांच्या नजरेत काही नाही. यांनी तुमच्या पोराला दुखऱ्या पायावर खेळवलं. त्याचा राग आहे ना, तो बोला. हक्काने बोला."

दुर्गाबाईने पदर सोडला, लेकाला मागे ठेवून दोन पावलं पुढे आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं,

"माझ्या लेकराला कामून खेळवलं?"

धम्मपालांनी नजर खाली घेतली नाही.

"मला जिंकायचं होतं," ते म्हणाले.