विहीणबाईंची गादी, माहेरचा शेक

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेलेही जरा पुढे सरका, सतरंजी ऐसपैस आहे. आज टाळ नाही, पेटी नाही, नुसत्या तोंडाने सांगायची कथा आहे. देवादिकांची नाही, एका गादीची आहे. हसू नका. रोज रात्री आपण डोळे मिटतो ते पांडुरंगाच्या भरवशावर आणि पाठीखालच्या गादीच्या. त्या भरवशाच्या मध्ये दोन बायकांचा हट्ट शिरला तेव्हा काय होता होता राहिलं, ते ऐका.

बिबवेवाडीत तेव्हा इमारती उठायला लागल्या होत्या, पण सोजरबाईंच्या घरामागे अजून मेथीचे वाफे होते. त्यांची लेक शालू कॉलेजात शिकायला गेली आणि नारायण पेठेतल्या दिगंबरशी लग्न ठरवूनच घरी आली. दिगंबरची आई मंदाकिनीबाई म्हणजे जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. लग्नाच्या पंगतीत त्यांनी स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. हात धुताना एवढंच म्हणाल्या, "छान होतं. जीभ शिल्लक राहिली." सोजरबाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

शालूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, तिथे वाद नव्हता. वाद निघाला झोपण्यावरून. सोजरबाईंच्या मधल्या खोलीत सुंभाने विणलेली बाज होती. तिच्यावर त्यांची तिन्ही बाळंतपणं झाली होती. बाजेवर पातळ कापसाची गादी, खाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा नि बाळंतशेपा. सुंभाच्या विणीतून, गादीतून शेक वर चढायचा आणि बाळंतिणीची पाठ शेकून निघायची. सासूने त्यांना शेकलं होतं, त्या लेकीला शेकणार होत्या.

मंदाकिनीबाईंना हे कळलं आणि सातव्या महिन्यात त्या विहीणबाईंना बुधवार पेठेतल्या गाद्यांच्या दुकानात घेऊन गेल्या.

"फोमची घेऊ," त्या म्हणाल्या. "शालूची पाठ दुखते. सुंभावर माणसं झोपतात का हो अजून?"

"न्हाई, म्हशी झोपत्यात," सोजरबाई म्हणाल्या.

त्यांनी गादीवर तळहात ठेवला आणि दाबला. हात मनगटापर्यंत आत गेला. दुसरीवर दाबला, तिसरीवर थापटला. गल्ल्यावरच्या मालकाने चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, गादी आहे ती. भाकरी असल्यासारखी थापू नका."

"खड्डा पडतोय हिच्यात."

"माणूस निजला की खड्डा पडणारच. उठला की भरून येतो. आमच्याकडे गाद्या मिळतात, पाट मिळत नाहीत."

"अन् तान्हं मूल ह्यात कलंडलं तर?" सोजरबाई मंदाकिनीबाईंकडे वळल्या. "नाक बुडंल त्याचं. मुलाला टणक लागतं, इहीणबाई."

"मूल पाळण्यात ठेवायचं असतं. आणि बंद खोलीत निखारे ठेवून त्याला गुदमरवायचं नसतं, हेही सांगून ठेवते."

आता बघा, दोघींच्याही बोलण्यात खरं होतं. पण समोरच्या तोंडून आलेलं खरं त्यांना ऐकूच येत नव्हतं. मंदाकिनीबाईंनी दुकानातली सगळ्यांत जाड गादी निवडली आणि बाहेर पडताना ठेवणीतल्या आवाजात म्हणाल्या, "मी मधूनमधून येऊन बघणार आहे. ही गादी अंथरलेली दिसली नाही, तर त्याच दिवशी शालूला नि बाळाला पेठेत घेऊन जाईन. सून आमची आहे, सोजरबाई."

लेकीची पुरी सव्वा महिन्याची माहेरची बाळंतपणाची वस्ती, तिच्या केसांना तेल, तिच्यासाठी डिंकाचे लाडू, तिच्या पोटावर बांधायचा पट्टा, हे सगळं सोजरबाईंनी किती वर्षं मनात मांडून ठेवलं होतं. पुन्हा अशी शालू हाताखाली येणार नव्हती. बसमध्ये त्या विहीणबाईंच्या शेजारची जागा रिकामी ठेवून उभ्याच राहिल्या.

शालूला मुलगी झाली. टेम्पोतून गादी आली. सोजरबाईंनी ती प्लास्टिकसकट भिंतीला उभी करून ठेवली आणि शालूला बाजेवर, आपल्या कापसाच्या गादीवर निजवलं. शेगडी पेटली, धुरी झाली.

"आई, डोळे चुरचुरतात गं," शालू म्हणायची. "दार तरी उघड."

"वारं लागंल. सव्वा महिना सोस, जल्मभर पाठ दुखायची न्हाई."

"झोप येत नाही मला. सुंभ टोचतं."

"मला टोचलं न्हाई ते तुला बरं टोचतं! पेठंत जाऊन कातडी पातळ झाली व्हय?"

मूल रात्रभर रडायचं, शालू दिवसा कुशी बदलत राहायची. तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं. सोजरबाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. पण शेगडी काढली की विहीण जिंकली, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग एक दिवस दिगंबरचा निरोप आला: आई आज दुपारी येते आहे.

त्या दिवशी मारुतीच्या देवळात सप्ताहाचा काला होता. सोजरबाईंचे मालक गेनबा सकाळीच टाळ गळ्यात अडकवून गेले होते, आळीतलं एक माणूस घरात नव्हतं. कर्ण्यावरून बुवांचा आवाज घरात येत होता. सोजरबाईंनी शालूला न्हाऊ घातलं, मुलीला न्हाऊ घातलं, नि कापसाची गादी काढून, प्लास्टिक फाडून ती फोमची गादी बाजेवर टाकली. गादी बाजेहून रुंद, दोन्ही अंगांनी खाली लोंबली. लोंबू दे. येऊन बघू दे म्हणावं, अंथरलीये तुझी गादी.

मग शालूला वर निजवून त्यांनी खाली शेगडी सरकवली. गादी तिची, शेक माझा.

शालूच्या पाठीखाली हात घालून पाहिला, तर गार. गादी इतकी जाड की ऊब वर यायचं नाव घेईना. सोजरबाई परड्यात गेल्या, दोन विटा आणल्या आणि शेगडी त्यांच्यावर चढवली. आता निखारे सुंभाच्या अगदी जवळ आले. सुंभाला त्याने कधी काही झालं नव्हतं. कापसालाही नाही. त्यांच्या सासूने थंडीच्या दिवसांत अशाच विटा लावल्या होत्या.

शालू त्या मऊ गादीत रुतली आणि बघता बघता झोपली. तोंड किंचित उघडं, हात सैल. बाळंत झाल्यापासून अशी झोपली नव्हती. मुलगी तिच्या कुशीत. सोजरबाई क्षणभर बघत राहिल्या. गादी चांगली आहे असं मनात आलं, ते त्यांनी तिथेच गिळलं. दार ओढून घेतलं आणि अंगणात दुपटी वाळत घालायला गेल्या.

दोरीवर दुपटी पसरतात तोच मंदाकिनीबाई रिक्षातून उतरल्या. हातात डबा, खांद्यावर छत्री.

"या. गादी बघायला आलाव न्हवं?"

"नातीला बघायला आले. गादीही बघेन."

"झोपल्यात दोघी. आत्ताच डोळा लागलाय. उठवू नगा."

"मी शाळेत वर्ग झोपवले नाहीत, जागे ठेवले. तरी माणसाला न उठवता बघता येतं मला."

"बसा की मग. पाणी देते. का आमचं पाणीबी तिखट लागंल?"

"अजून तेच का?" मंदाकिनीबाई पायरीवरच उभ्या राहिल्या. मग त्यांनी नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"ओव्याचा. धुरी हाय."

"ओव्याला प्लास्टिक जळल्याचा वास येत नाही."

"तुम्हाला आमच्या घरात समदंच जळाल्यागत वास येतो!"

"सोजरबाई, बाजूला व्हा."

"न्हाई व्हत. माझं घर हाय हे."

कर्ण्यावर टाळांचा गजर वाढला. आणि त्या गजरात सोजरबाईंच्याही नाकाला तो वास लागला. कडू, चिकट, घशात अडकणारा. हा आपल्या घरातला वास नव्हे. त्यांच्या हातातलं ओलं दुपटं खाली पडलं.

मधल्या खोलीचं दार उघडलं तर आत काळा धूर. लोंबलेली कड शेगडीवर वितळून ठिबकत होती आणि बाजेच्या खालून लाल डोळा उघडल्यासारखी गादी धुमसत होती. शालू हलत नव्हती. मंदाकिनीबाईंनी पदर तोंडावर धरला, वाकल्या, चाचपत मूल उचललं आणि बाहेर धावल्या. सोजरबाईंनी शालूला काखेत हात घालून ओढलं, उंबऱ्याबाहेर आणून टाकलं. मग परत आत गेल्या. घराचं छप्पर लाकडी होतं. दोन्ही हातांनी ती गादी धरली आणि ओढत अंगणात आणली. वितळलेला फोम तळहातांना चिकटला, तरी सोडली नाही. मंदाकिनीबाईंनी एका हाताने मूल छातीशी धरून दुसऱ्या हाताने न्हाणीतली बादली गादीवर उपडी केली.

मूल गप्प होतं. मंदाकिनीबाईंनी त्याला पाठीवर चोळलं, तळपाय चोळले. "रड," त्या म्हणाल्या, वर्गात ओरडायच्या तशा. "रड म्हणते ना!"

ते खोकलं. मग रडलं. तिकडे शालू कुशीवर होऊन ओकली नि श्वासासाठी धडपडत बसती झाली. सोजरबाई मातीतच खाली बसल्या. "पांडुरंगा," एवढंच म्हणाल्या.

पण ऐका, देवाचं नाव घेऊन भांडण मिटतंच असं नाही.

"शेवटी पेटवलीत ना शेगडी?" मंदाकिनीबाई मूल छातीशी धरून कडाडल्या. "सांगितलं होतं मी!"

"शेगडी जल्मभर पेटवली, कवा काय झालं न्हाई! तुमची गादी जळली. कापूस जळला न्हाई कधी!"

"गप्प बसा!" शालूचा आवाज फाटका आला. "दोघी पण. माझी पोरगी द्या इकडं. द्या म्हणते ना! कुणी हात लावायचा नाही तिला."

त्या रिक्षावाल्याने अजून रिक्षा वळवली नव्हती. तोच सगळ्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी शालूला नि बाळाला प्राणवायू लावून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मूल ठीक होतं. सोजरबाईंच्या दोन्ही तळहातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या. डॉक्टर दोघी विहिणींना म्हणाले, "बंद खोलीत निखारे नकोत. आणि बाळाला मऊ गादीत नको, आईच्या अंथरुणातही नको. वेगळं, टणक, उताणं. उशी नको." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर सोजरबाई तडक आत गेल्या. कोपराने ट्रंक उघडली. दुपटी, कुंची, लाडवांचा डबा, सगळं पट्टी बांधलेल्या हातांनी पिशवीत ढकलू लागल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याला गाल पुसला.

"घेऊन जावा," त्या म्हणाल्या. "तुमची सून, तुमची नात. माझ्याच्यानं राखवलं न्हाई."

पिशवीचे बंद त्यांना बांधता येईनात. एकदा, दोनदा निसटले. मंदाकिनीबाई ते बघत उभ्या होत्या.

"ठेवा ती पिशवी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून आलेल्या बाळंतिणीला पुन्हा रिक्षात घालू? तुम्हाला अक्कल नाही म्हणून मलाही नसावी का?"

"मग?"

"मीच राहते इथे. सव्वा महिना पुरा होईतो. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. नाही म्हणून."

"ऱ्हावा. घोंगडं टोचंल."

"टोचू दे."

आणि खरंच राहिल्या. बाजेवर पुन्हा कापसाची गादी आली, दुहेरी, म्हणजे सुंभ टोचणार नाही. ते सुचलं मंदाकिनीबाईंना. शेजारी पाळण्यात तळाला घट्ट भरलेली गादी, तिच्यावर मूल उताणं. ती भरून दिली सोजरबाईंनी, म्हणजे त्यांनी नुसतं सांगितलं आणि शिवली विहिणीने, टाक्याटाक्याला टोमणा खात. शेगडी परड्यात गेली, खिडकी उघडी राहिली. सोजरबाईंना जेवताना घास धरता येईना, तेव्हा मंदाकिनीबाईंनी भरवलं.

"तोंड उघडा. मोठं. शालूसुद्धा इतका त्रास देत नाही."

"ही भाकरी हाय का पापड?"

"पापड असता तर इतका वेळ चावत बसला नसतात."

रोज हेच. दाराशी घोंगड्यावर एक पहारेकरीण, भिंतीशी दुसरी, आणि मध्ये शालू, हात सैल टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ. मूलही झोपायला शिकलं. पुढे ती मुलगी मोठी झाली, दोन्ही घरची झाली, पण त्या दोघी विहिणी कधी गोड बोलल्या असं कुणी ऐकलं नाही. सोजरबाईंच्या तळहातांवर मात्र फोमचे डाग शेवटपर्यंत राहिले, टाळी वाजवली की दिसायचे.

म्हणून एवढंच मागणं आहे, मायबाप. आज घरी जाऊन अंथरूण घालाल, लेकराला निजवाल, खिडकी लावायला हात कराल, तेव्हा आधी गादीवर एकदा तळहात दाबून बघा. आणि तसा हात ठेवला की त्या पोळलेल्या हातांच्या सोजरबाईंची आठवण काढा.