न येण्याचा पगार

सृष्टीला नोकरी मिळत नव्हती असं म्हटलं तर शहरातल्या मेडिकलवाल्यांवर अन्याय होईल. नोकरी द्यायला सगळेच तयार होते. तिनं कामावर येऊ नये, एवढीच त्यांची अट होती.

ज्यांचा या धंद्याशी संबंध पडशा-खोकल्यापुरताच आला असेल, त्यांना जरा उलगडून सांगायला हवं. औषधाचं दुकान उघडं असेल तेवढा वेळ तिथं शिकलेला, नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर पाहिजे, असा कायदा आहे. आता माणूस हजर ठेवायचा तर त्याला खुर्ची लागते, चहा लागतो, दिवाळीला सुट्टी लागते. शिवाय तो डॉक्टरची चिठ्ठी वाचतो, ही सगळ्यात मोठी अडचण. त्यापेक्षा त्याचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीला टांगलं की भागतं. सर्टिफिकेट चहा पीत नाही आणि उलट बोलत नाही.

सृष्टीचा आजा मेंढरांमागं अर्धा मराठवाडा पायी हिंडला. तिचा बाप सोनाजी चिकलठाण्यातल्या एका कारखान्याच्या गेटावर वॉचमन झाला, म्हणजे चालणं सुटून उभं राहणं आलं. तिसऱ्या पिढीनं बसून खावं अशी घरच्यांची माफक इच्छा. आणि ही पोरगी डी. फार्मसी करून म्हणत होती, मला काउंटरवर उभं राहायचंय.

नोकरी शोधायची तर तिनं ती परीक्षेच्या अभ्यासासारखी शोधली. शहराचे भाग पाडले. सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकांच्या गर्दीत कुणाला तोंड दाखवायचं नाही, दुपारी जायचं. तेव्हा मालक जांभया देत असतो आणि जांभई देणारा माणूस खरं बोलतो. बायोडाटा एका पानाचा, इस्त्रीच्या कपड्यासारखा. आणि दुकानदारांच्या आधी गाठायची ती होलसेलची माणसं, जी मोटारसायकलवर ऑर्डरी गोळा करत फिरतात. कुणाच्या दुकानात कोण भांडून गेलं, कुणाला माणूस हवाय, हे त्यांना मालकाच्या बायकोआधी कळतं. शेवटची गोष्ट तिनं स्वतःला बजावून ठेवली होती. कुठंही लागायच्या आधी तिथून गेलेल्या माणसाला विचारायचं, बाबा, तू का सोडलंस?

बेत उत्तम होता. दारं उघडत होती, आणि प्रत्येक दारात एकच सवाल.

"सर्टिफिकेट कोरं हाय ना?"

"कोरं म्हणजे?"

"म्हंजी कुठं लावलेलं नाय ना आधी?"

"नाही."

"मग द्या की. महिन्याच्या महिन्याला पैसे घरपोच."

"आणि मी किती वाजता येत जाऊ?"

ताटानंच पंगतीत पाट मागावा तसा मालक तिच्याकडं बघत राही. "तुम्ही कशाला त्रास घेता, ताई?"

घरी बानाबाईला हा सगळा प्रकार म्हणजे भरल्या ताटाला लाथ वाटत होता. "अगं बये, घरबसल्या देत्यात तर घे की! लोकाच्या पोरींला राबून मिळंना."

"आई, माझ्या नावावर काय विकलं जातंय ते मला दिसायला नको?"

"तुझं नाव काय गुळाची ढेप हाय व्हय, मुंग्या लागायला?"

सोनाजी ड्युटीला निघायच्या घाईत होता. तो एवढंच म्हणाला, "लागत्यात मुंग्या," आणि सायकल काढली.

शेवटी एका होलसेलवाल्यानं गारखेड्यातल्या राजेंद्रशेठचं नाव सांगितलं. सृष्टी दुपारी गेली. पांढरा सदरा, कपाळाला गंध, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपोआप झोप यावी. तिनं आधीच सांगून टाकलं, "मी सर्टिफिकेट नुसतं लावणार नाही. रोज कामावर येणार."

राजेंद्रशेठ हसले. "या की! दुकान तुमचंच आहे."

हे वाक्य मराठीत हजारदा बोललं जातं आणि एकदाही खरं नसतं. पण दोन महिने उन्हात हिंडलेल्या माणसाला ते ऐकून गहिवरून येतं. सृष्टीलाही आलं.

परतताना ती शहागंजात नौशीनकडं पेढे घेऊन गेली. नौशीन तिच्या वर्गातली. तिनं आपलं सर्टिफिकेट कधीच एका दुकानाला लावून टाकलं होतं.

"कसं आहे गं तुझं दुकान?" सृष्टीनं विचारलं.

"अच्छाच असेल. एकदा रिक्षातून जाताना पाहिलं. बोर्ड निळा आहे."

"आत नाही गेलीस?"

"काय कू जाऊ? मला कुठं काय दुखत होतं?" नौशीननं पेढा तोंडात टाकला. "तुझं कुठलं?"

"गारखेडा. राजेंद्रशेठ."

नौशीनचं चावणं थांबलं. "तिथं आपला सीनियर होता ना, भारत."

"मग?"

"मग काही नाही. त्याचा फोन लागत नाही आता." तिनं मोबाइलमध्ये शोधून एक नंबर दिला. "ही त्याची बायको, शालूवहिनी. विचारून तर बघ."

सृष्टीनं नंबर घेतला. विचारायचं तिच्या बेतातच होतं. पण दुसऱ्या दिवशी बानाबाईनं गल्लीभर सांगितलं की पोरगी आता दुकानात साहेबीण झाली, आणि तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट भिंतीवर गेलं. आनंदात माणूस चौकशी करत नाही. दिल्या घरी सुखी राहा म्हणण्याची आपल्याकडं पद्धत आहे, आणि ती मुलींनाच म्हणतात असं नाही.

सर्टिफिकेट लावताना तिच्या लक्षात एक गोष्ट आली. भिंत पिवळी होती, पण तिच्यावर ओळीनं तीन चौकोन फिके होते, फ्रेमच्या मापाचे.

"आधीचे?" तिनं विचारलं.

"गुणी माणसं होती," राजेंद्रशेठ म्हणाले. गेलेल्या माणसांबद्दल बोलताना काढतात तसा आवाज काढून.

तिची खुर्ची आतल्या खोलीत होती, डोक्यावर पंखा. चहा वेळेवर येई. काउंटरवर शेठचा मेहुणा विश्वजीत उभा असे, रुंद पाठीचा आणि मोजकं बोलणारा. सृष्टी बाहेर आली की तो असा काही वळे की काउंटरमागं दुसऱ्या माणसाला जागाच उरत नसे. "बसा ताई," तो म्हणे. त्याचं मराठी तेवढंच होतं.

बसल्या बसल्या तिला दिसायचं ते दिसतच होतं. मोटारसायकली यायच्या, त्यांची इंजिनं बंद होत नसत. पोरं औषधाचं नाव सांगत नसत, नोट ठेवत. विश्वजीत खालच्या कप्प्यातून कागदाची बारीक पुडी काढून देई. खोकल्याच्या बाटल्या तर अशा खपत की गारखेड्यात बारमाही खोकला असावा, आणि खोकणारे सगळे तरणेबांड. वर्गात झोपेच्या ज्या गोळ्यांबद्दल सर आवाज खाली करून बोलायचे, त्यांना गल्लीत बटन म्हणतात, हे तिला इथं कळलं.

तिनं शेठना विचारलं. "जुनी गिऱ्हाइकं आहेत," ते मायेनं म्हणाले.

मग एके दिवशी तिनं धीर करून सांगितलं, "शेठ, मला सर्टिफिकेट परत द्या. मी सोडते."

"अवश्य. पण फ्रेम पक्की बसलीय. ओढली तर भिंतीचा पोपडा निघतो. बघू, दिवाळीत रंग काढायचाच आहे."

सृष्टीनं राजीनामा लिहून दिला. त्यांनी तो कपाळाला लावून खिशात ठेवला. पुढं त्याचं काय झालं हे त्या खिशालाच ठाऊक. नाव भिंतीवर अडकलेलं, म्हणून सृष्टी कामावर येत राहिली.

आणि मग ती सकाळ उजाडली. सृष्टी पोचली तर विश्वजीत नाही. राजेंद्रशेठ दारातच उभे, हातात किल्ल्या.

"विश्वजीत गावी गेला, जावळ आहे भाच्याचं. सृष्टीताई, आजपासून काउंटर तुमचं. मी जरा बँकेत जाऊन येतो."

किल्ल्या तिच्या हातात पडल्या. शेठ स्कूटरला किक मारून गेले. सृष्टी काउंटरमागं जाऊन उभी राहिली. ज्यासाठी एवढं शिकली, चपला झिजवल्या, ती जागा हीच. तिनं काच पुसली. मग सवयीनं वर पाहिलं. देवाचा फोटो जागेवर नव्हता. गल्ल्यात सुटी नाणीसुद्धा नव्हती. कॅमेऱ्याची वायर लोंबत होती.

देव, पैसा आणि कॅमेरा एकाच दिवशी दुकानातून उठून गेले, तर मागं काय राहतं, याचा तिनं विचार केला. मागं ती राहिली होती.

तिनं खालचा कप्पा ओढला. विश्वजीत हजर असताना त्यात थोड्या पुड्या असत. आज तो स्ट्रिपांनी असा भरला होता की नीट उघडेना. रोजचा माल मागच्या कपाटात असे. कुणीतरी तो मुद्दाम तिच्या हाताशी आणून ठेवला होता.

तिनं मोबाइल काढला.

"शालूवहिनी? मी सृष्टी. भारतदादांच्या कॉलेजातली. मी गारखेड्याला राजेंद्रशेठकडं असते."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. बाईनं गॅस बंद केला असावा. मग आवाज आला, "आत बसवत्यात का तुम्हाला?"

"आजवर आतच होते. आज काउंटर दिलंय."

"दुसरं कोण हाय दुकानात?"

"कुणी नाही."

"ताई," शालू म्हणाली, "ह्यांनापण असंच एका सकाळी काउंटर दिलं होतं. लई खूश होते. मला फोन केला, सांजच्याला गोड कर म्हणले. दुपारच्याला औषध खात्याचे तपासणीचे साहेब आले."

"दादा आता कुठं असतात?"

"हर्सूलला."

हर्सूलला तलाव आहे, देवीचं देऊळ आहे आणि मध्यवर्ती कारागृह आहे. तलावासाठी कुणी तिथं मुक्कामाला राहत नाही.

"ताई, ऐका," शालूचा आवाज घाईला आला. "हे पळायला लागले होते. पळाले म्हणूनच चोर ठरले. तुम्ही पळू नका. पण गपबी बसू नका."

फोन ठेवून सृष्टी उभी राहिली. पळाली तर फरार, थांबली तर हजर. कायद्याला दोन्ही शब्द सारखेच आवडतात. भिंतीवर तिचं नाव सोनेरी चौकटीत हसत होतं, आणि त्याच्या मागं चौथ्या फिक्या चौकोनाची जागा तयार होत होती.

तिनं ११२ लावला.

"दुकानात बेकायदा गोळ्या आहेत," ती म्हणाली. "मालक ठेवून गेलेत. मी कशालाही हात लावणार नाही. लवकर या."

"तुम्ही कोण?"

"फार्मासिस्ट. मी हजर आहे."

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. इंजिन चालूच. पोरानं नोट ठेवली. "दोन."

"डॉक्टरची चिठ्ठी?" सृष्टीनं विचारलं.

पोरगा हसला. "नवीन काय?"

"नवीन नाही. चिठ्ठी दाखवा, मग देते."

त्या दुकानात हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला होता. पोरानं नोट उचलली, तिच्याकडं नीट पाहून घेतलं, चेहरा पाठ करावा तसं, आणि कोपऱ्यावर जाऊन फोन कानाला लावला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं ते बघितलं आणि भर सकाळी शटर अर्धं ओढून घेतलं. समोरचा रसवंतीवालाही घुंगरू बांधलेलं चाक थांबवून आत गेला. रस्ता एकदम शांत झाला.

पोलिसांची गाडी आधी आली. एक हवालदारबाई आणि एक शिपाई. बाईंनी कप्पा बघितला, सृष्टीकडं बघितलं आणि लिहायला सुरुवात केली. अर्धं पान झालं नसेल तोच तपासणीचे साहेब जीपमधून उतरले. ते भराभर आले, थेट काउंटरच्या खालच्या कप्प्याकडं. कुठला कप्पा, हे त्यांना कुणालाच विचारावं लागलं नाही. मग त्यांना हवालदारबाई दिसल्या.

"तुम्ही कशा?" साहेब म्हणाले.

"आम्हाला फोन आला. तुम्ही कसे?"

"आम्हाला... आम्हालाही खबर होती."

"कुणाची?"

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. एक खातं एकटं असलं की हवं ते लिहू शकतं. दोन खाती समोरासमोर आली की पंचाईत होते. खोटं काय लिहायचं यावर एकमत व्हायला वेळ लागतो, आणि तोवर खरंच लिहून होतं.

"फोन कुणी केला?" साहेबांनी विचारलं.

"मी," सृष्टी म्हणाली.

"तुम्ही जबाबदार फार्मासिस्ट?"

"हो. राजीनामा दिलेली. तो शेठच्या खिशात आहे."

"वा. आणि शेठ कुठं आहेत?"

"इथंच आहे की," दारातून आवाज आला. राजेंद्रशेठ उभे होते, तोच पांढरा सदरा, एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात कागदी पेले. जणू घरी पाहुणे आले होते. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. साहेबांनी घेतला. हवालदारबाईंनी बाजूला ठेवला. सृष्टीपुढं पेला करताना ते जरासे वाकले, आणि त्या झोपवणाऱ्या आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले,

"सृष्टीताई, वडील पहाटेची पाळी सुटल्यावर सायकलवरच येतात ना अजून? जालना रोडला ट्रकवाले फार बेफाम चालवतात हो. जपून यायला सांगा."

सृष्टीनं पेला घेतला. ती साहेबांकडं बघत नव्हती, शेठकडंही नाही. तिनं पेला काउंटरवर ठेवला आणि ती हवालदारबाईंकडं वळली.

"ताई," ती मोठ्यानं म्हणाली, रस्त्यापलीकडं ऐकू जाईल इतकं मोठ्यानं, "शेठ आत्ता जे बोलले ना, ते पण लिहून घ्या. मी शब्दन् शब्द सांगते."