काचेवरचा कागद

टेलरमास्तरांचे कान लहानपणीच्या तापात गेले होते. पण समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून ते सगळं बोलणं टिपत. नवं गिऱ्हाईक आलं की मशीनवरून मास्तरीण ओरडायची, "त्यांच्याकडे बघून बोला हं! तोंड फिरवलंत तर पँटची चड्डी होईल!" मास्तर हे वाक्य बरोबर ओळखत आणि कात्री उगारून हसत.

त्या सकाळीही ते असेच हसले. दुपारी त्यांना धाप लागली आणि संध्याकाळी साथीच्या वॉर्डाचं दार त्यांच्यामागे बंद झालं.

मास्तरीण हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना आडवी गेली. "साहेब, ह्यांना ऐकू येत नाही, आणि आत सगळ्यांची तोंडं झाकलेली. ह्यांना काय कळणार? मला आत घ्या हो!"

"बाई, नियम सगळ्यांना सारखा. आम्ही लिहून दाखवू," डॉक्टर म्हणाले आणि गाडीत बसले.

लिहून दाखवायला सवड कुणाला होती? मास्तरिणीनेच वाट शोधली. वॉर्ड तळमजल्यावर होता, आणि मास्तरांची खाट अंगणाकडच्या बंद काचेला लागून. वॉर्डातल्या नर्सबाई तिला फोनवर निरोप सांगत आणि ती काचेबाहेरून तोच निरोप नुसत्या ओठांनी सांगे, 'पालथे झोपा. ऑक्सिजनची नळी काढू नका. मी इथेच आहे.' मास्तर मान हलवत. त्यांचा श्वास सुधारत चालला होता.

तिचं बघून इतर घरची माणसंही काचेशी येऊ लागली. मोठ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "ही काय जत्रा आहे?" म्हणत त्यांनी सगळ्या काचांवर बाहेरून जाड कागद चिकटवून घेतला. फक्त कोपऱ्यातल्या खोलीची काच उघडी राहिली. त्या खोलीत त्यांची आई होती. त्यांची बायको खुर्ची टाकून तिच्याशी काचेबाहेरून गप्पा मारी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! दुसरं काय?

आत मास्तर घाबरले. बायको कुठे गेली ते कळेना, झाकलेली तोंडं काय सांगतात तेही कळेना. नळी काढून ते कागदाने झाकलेली काच आतून खरवडू लागले. "भलता हट्टी पेशंट आहे," असं म्हणत डॉक्टरांनी त्यांचे हात खाटेला बांधायला लावले. बांधलेल्या हातांनीच मास्तर गेले. नर्सबाईंनी हे रडत रडत मास्तरिणीला सांगितलं. ती रडली नाही. तिने मास्तरांची कात्री पदराआड ठेवली आणि वाट पाहत राहिली.

लाट ओसरली. हॉस्पिटलच्या अंगणात मोठ्या डॉक्टरांचा सत्कार ठरला. मास्तरिणीने साथीच्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांसाठी गाऊन शिवून दिले होते, म्हणून दोन गोड शब्द बोलायला तिलाही बोलावणं आलं.

ती माईकसमोर उभी राहिली आणि बोलू लागली. ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. लोक चुळबुळले. "आवाज वाढवा!" कुणीतरी ओरडलं. माईकवाला धावला. अखेर मोठे डॉक्टर वैतागले, "अहो बाई, काय बोलताय? काही कळत नाहीये!"

"कळत नाही ना?" मास्तरिणीचा आवाज कडाडला. "एवढ्यातच चिडलात? माझा माणूस हात बांधलेल्या अवस्थेत अशीच तोंडं बघत मेला! मला आत घेतलं नाहीत, ते एक वेळ सोडा. काचेबाहेरून मी कुणाला काय देणार होते? साथीचा रोग? आणि तुमच्या आईच्या काचेला कागद का नाही लावलात?"

डॉक्टरांच्या बायकोने मान खाली घातली.

"बाई, झालं ते वाईटच झालं. मी माफी..."

"माफी मागू नका. मी मरेपर्यंत देणार नाही." तिने कात्री त्यांच्यापुढे धरली. मंचामागेच त्या काचा होत्या, आणि त्यांच्या आत अजून माणसं पडलेली होती. "हा कागद काढा. शिपायाला हाक मारायची नाही. तुम्ही काढायचा."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या बाजूने एकही माणूस बोलेना. नर्सबाई तर उठून मास्तरिणीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. शेवटी डॉक्टरांनी कात्री घेतली आणि नव्या कोटानिशी गुडघ्यांवर बसून कागद खरवडायला लागले. डिंक वाळून घट्ट झाला होता. त्यांची बोटं सोलली, घाम डोळ्यांत उतरला. बऱ्याच वेळाने वीतभर काच मोकळी झाली आणि आतून एक म्हातारी बाहेर बघू लागली. गर्दीतून तिचा मुलगा "आई!" करत धावला.

डॉक्टर कात्री खाली ठेवून उठू लागले.

"बसा," मास्तरीण म्हणाली. "अजून पुष्कळ काचा आहेत."