मागच्या सीटवरचं पोतं

जरा जवळ सरकून बसा, मंडळी. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे यावं, जागा होईल. गोष्ट मोठी नाही, पण हळू आवाजात सांगावी अशी आहे. एका मेस्त्रीची, आणि त्याच्या वाळूच्या पोत्याची.

हा मेस्त्री मोटारसायकली दुरुस्त करायचा. सगळीच कामं करी, पण खरा हात बसला होता तो खड्ड्यांचे दणके झेलणाऱ्या पुढच्या शॉकअपवर. कुणाकुणाकडून फिरत आलेली जुनी गाडी असो. खड्ड्यात ठक्‌ करून आदळते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते, शॉकअपच्या नळ्यांवरून तेल ओघळतंय. मेस्त्रीच्या हातून बाहेर पडली की वाटावं, रस्त्यावरच कुणी इस्त्री फिरवली.

दुकानामागेच त्याचं घर. शॉकअप बसवून झाला की तो आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारी, "अगं, बस जरा." बायको पदराला हात पुसत यायची, मागे बसायची, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची. गल्लीच्या टोकाला रस्ता उखडला होता, तिथवर दोघं जाऊन येत. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण परत आली की एक शब्द टाकायची. "डोलतेय," म्हणाली तर शॉकअपमधलं तेल पातळ. "बोचतंय," म्हणाली तर जाड. मेस्त्री कुरकुरत पुन्हा खोलायला बसे.

"मेस्त्री मी का तू?"

"तुम्हीच हो. पण कंबर माझी आहे."

मग देवाने तिला नेलं. मेस्त्रीने तिच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरली आणि प्रत्येक ट्रायलला ते पोतं जुन्या ट्यूबच्या पट्टीने मागच्या सीटवर आवळायला लागला. वजन अगदी बरोबर. पण पोतं बोलेल थोडंच? गिऱ्हाइकं म्हणू लागली, "चांगली झाली मेस्त्री, पण पूर्वीसारखी नाही." हळूहळू येईनाशी झाली. संध्याकाळी तो नुसता पाने-हातोडे पुसत बसायचा, पुसलेलेच पुन्हा. शेवटी त्याने मनाशी ठरवलं, पुढची गाडी साधली तर साधली. नाहीतर शटर ओढायचं ते कायमचं.

पुढची गाडी आली ती एका शिंप्याची. जुनीच घेतलेली.

"मेस्त्री, आई हिच्यावर बसायला तयार नाही," शिंपी म्हणाला. "तिची बहीण अंथरुणाला खिळलीय. आईला रोज तिच्याकडे जायचंय, आणि एका खड्ड्यात ही गाडी आईला देव आठवायला लावते."

मेस्त्रीने शॉकअप उतरवला. आतलं तेल काळंकुट्ट, तेही तळाला उरलेलं. सील तडकलेले. नळीला आधार देणारे आतले बुश इतके झिजलेले, की नळी हाताने हलवली तरी खुळखुळत होती. त्याने बुश आणि सील नवे घातले, नळ्यांवरचा गंज बारीक कागदाने घासून काढला, पुन्हा आदळू नये म्हणून जाड तेल भरलं. पोतं बांधून फेरी मारली. ठक्‌ नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी शिंपी परत आला. मागून त्याची आई कमरेवर हात ठेवून उतरली.

"यापेक्षा चालत गेलेली बरी," ती म्हणाली.

"मावशी, मी तर पोतं बसवून बघितलं होतं."

"काय बसवून?"

मेस्त्रीने पोत्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने ते नीट न्याहाळलं. "मग त्यालाच पाठव माझ्या बहिणीकडे."

शिंप्याने तोंड फिरवून हसू गिळलं. मेस्त्री मात्र खाली बघत राहिला. "दुसरा कुणी बघा, मावशी. माझा हात गेला."

"हात कशाला जातोय? कुठे दुखतं ते विचारलंस का मला?"

खरंच, किती दिवसांत त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं.

"कुठे दुखतं?"

"कमरेत. मोठ्या खड्ड्याला नाही रे, बारीक दगडांवरच जास्त बोचतंय."

तो शब्द कानावर पडला आणि मेस्त्री उठला. जाड तेल काढलं, काढताना थोडं जमिनीवर सांडलं, पातळ भरलं. "बसा, मावशी."

ती मागे बसली, त्याच्या खांद्यावर तिने हात ठेवला. मेस्त्री किक मारायचंच विसरला.

"मी काय पोतं आहे? चल की," म्हातारी म्हणाली.

उखडलेल्या तुकड्यावरून दोघं जाऊन आली. "आता डोलतेय," तिने निकाल दिला. मेस्त्रीने न कुरकुरता पुन्हा नळ्यांच्या टोप्या उघडल्या, दोन्हीकडे थोडं थोडं जाड तेल मिसळलं. "आता नाही बोचत," या फेरीला म्हातारी म्हणाली. उतरली आणि पोराला म्हणाली, "निघ. ती वाट बघत असेल."

मायलेक गल्लीच्या टोकाला पोचले. गाडी उखडलेल्या तुकड्यावरून अशी गेली की म्हातारीचं डोकंसुद्धा हललं नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मेस्त्री तिकडेच बघत होता.

मग त्याने पोत्याचं तोंड सोडलं आणि वाळू सांडलेल्या तेलावर पसरली. शटर उघडंच राहू दिलं. सवयीने आतल्या दाराकडे बघून म्हणाला, "बोचत नाहीये म्हणे." आतून कोण काय बोलणार? खांद्यावरचा हातही शिंप्याच्या आईबरोबर गेला होता.

मंडळी, दुकानाच्या पाटीवर नाव एकट्या मेस्त्रीचं होतं. तुमची गाडी कधी खड्ड्यातून जाईल आणि मागे बसलेलं माणूस हूं की चूं करणार नाही, तेव्हा त्याच्या बायकोची आठवण काढा. तेवढीच विनंती.