आत्या शेवटून वाचते

माझ्या आत्याने तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. कुठलाही कागद ती शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाते. सुरुवातीपासून वाचलं की माणूस मजकुरात रमतो आणि चुका निसटतात, असं तिचं म्हणणं. लग्नपत्रिकेत तिला जेवणाची वेळ आधी कळते, नवरा मुलगा सगळ्यात शेवटी.

तिची हिरडी सुजली, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात आत्याने खोक्यातलं पत्रक उलगडलं. ते चादरीएवढं निघालं.

"दारू वर्ज्य," तिने वाचलं. "सोडली." तिने आयुष्यात कधी घेतलेली नव्हती. "तोंडाला धातूची चव येते. येऊ दे, तुझ्या आईच्या चहाने सवय झालीय." मग बोट थांबलं. "रक्त पातळ करायच्या गोळीसोबत घेतल्यास रक्तस्राव वाढतो."

आत्याच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. ती गोळी ती रोज घेते.

आत्या तडक जिना चढली आणि दुसरा पेशंट बसणार तोच डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसली. "ही गोळी मला चालणार नाही. रक्तस्राव होईल."

"काकू, इंटरनेटवर वाचून येऊ नका हो."

"तुम्हीच दिलेल्या औषधाच्या खोक्यात होतं."

"असं वाचत बसलं तर कुणी गोळीच घेणार नाही!"

"मी तरी घेत नाहीये. दुसरं काय चालू आहे, विचारलंत?"

डॉक्टरांनी आल्या आल्या भरून घेतलेला फॉर्म पुढे केला. 'इतर औषधे' समोर माझ्या अक्षरात 'नाही'. माझ्या जन्माआधीपासून ती गोळी घरात आहे. मला ती औषध वाटतच नाही, आत्याचाच एखादा अवयव वाटते.

"भाचा गाढव आहे," आत्या म्हणाली. "पण गोळ्या त्याने लिहिल्या नाहीत. झडपेच्या डॉक्टरांना फोन लावा, मग उठते."

डॉक्टरांनी चिडून पेडल दाबलं. खुर्ची आडवी झाली. आत्याने पत्रक गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

"मला बीपीची गोळी चालू आहे," ताटकळलेला पेशंट गाल धरून म्हणाला. "मलाही नाही विचारलं."

डॉक्टरांनी फोन लावला. बराच वेळ 'हो सर' झालं. गोळी बदलली, तीन दिवसांनी रक्त तपासायचं ठरलं.

आत्याने लाल पेन काढलं, माझं 'नाही' खोडलं, समासात झडपेच्या गोळीचं नाव लिहिलं आणि खाली डॉक्टरांची सही घेतली. मगच उठली.

पेन मात्र परत मिळालं नाही. बाहेरच्या बाकावर सगळ्यांनी आपापले फॉर्म दुरुस्तीला परत मागितले होते.