कुलरमधले पाहुणे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कुलर आहे. जळगावात पिंप्राळ्याला चुडामणनानांच्या घराच्या मागच्या खिडकीला लागून, शेवग्याखाली उभा असतो. हसू नका हं! आमच्या खानदेशातले ऊन एकदा सोसून पाहा. वैशाखात सगळे घर उशा घेऊन माझ्यासमोर लोळते आणि देवानंतर मान माझाच. पावसाळा लागला की मात्र मला कोण विचारतो? बाजूच्या जाळ्यांतले गवत वाळते, पत्र्याला गंज धरतो आणि मी बापडा गप्प उभा.

यंदा थंडी सरता सरता मला पहिली चाहूल लागली. हिवाळाभर मुकाट असलेला दयाळ पक्षी भल्या पहाटे शेवग्याच्या शेंड्यावर बसून शीळ घालू लागला. शेवगा फुलला, फुलांतला मध प्यायला इवले शिंजीर पक्षी लोंबकळू लागले. हे सगळे ओट्यावरून आणखी कोणीतरी बघत होते. नानांची लेक डिंपल, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. बसून बसून कंटाळायची बिचारी. एके सकाळी दयाळाची मादी चोचीत काडी घेऊन माझ्या फाटक्या जाळीतून आत शिरली, ते आम्ही दोघांनीच पाहिले. काय सांगू, मी असा हरखलो!

पण होळी जवळ आली. होळीच्या आधी कुलर उघडायचा, जुने गवत ओढून होळीत टाकायचे आणि नवे भरायचे, ही नानांची रीत. यंदा लेक घरात, म्हणून फारच घाई. ओढता ओढता त्यांचा हात माझ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला. तिथे काड्यांच्या वाटीत हिरवट, ठिपकेदार अंडी होती. नानांना तो गवताचाच गुंता वाटला. मला ओरडता येईना. पंखा फिरवावा, तर वायरच काढलेली!

"नाना, थांबा!" डिंपल जड पावलांनी धावत आली. "आतमा दयाळनं घरटं शे!"

नानांनी वाकून पाहिले आणि त्यांचे तोंडच उतरले. "आन् तुले उकडी ना वं बेटा! कुलर नई तं कसं व्हई?"

"उकडू द्या. ती बी माहेरले उनी शे." म्हणजे दयाळीणही तिच्यासारखीच माहेरी आलेली!

नानांनी ओढलेले गवत हळूच परत लावले. पण मादी दिवसभर फिरकली नाही. डिंपल जेवलीसुद्धा नीट नाही. माझा तर धीरच सुटला. संध्याकाळी कुठे मादी जाळीशी आली, तिने इकडेतिकडे बघितले आणि सुळकन आत जाऊन अंड्यांवर बसली. मित्रांनो, त्या क्षणी मला रडता आले असते तर मी खरेच रडलो असतो.

नानांनी मग दुसऱ्या खिडकीला ओले पोते बांधले. भर दुपारी उठून त्यावर पाणी मारायचे आणि शिव्या मात्र मला द्यायचे! डिंपल घामाघूम व्हायची, पण आतली चिवचिव ऐकली की हसायची. शेवटचे पिल्लू उडाले, त्याच आठवड्यात नानांनी नवे गवत भरले. आता डिंपलची तान्ही लेक माझ्या वाऱ्यात पाय झाडत झोपते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, कुलर साफ करा, रंगवा, आम्हाला बरेच वाटते. फक्त गवताला हात घालण्याआधी जरा वाकून आत बघा. मी गप्प असलो, म्हणजे रिकामाच असेन असे नाही.